एकच क्यूआर कोड, फोन कुठलाही असो: ॲपच्या नेमक्या स्टोअरवर नेणारा कोड कसा बनवायचा

डब्याच्या ऑर्डरसाठी ॲप तयार झालं, प्ले स्टोअरवर आणि ॲप स्टोअरवर चढलं, आता हँडबिलं छापायची आहेत. छपाईवाला विचारतो, "कोड दोन टाकू का एकच?" आपल्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीपासून उद्यमनगरापर्यंत बरेच जण "दोन टाका" म्हणून मोकळे होतात. एक अँड्रॉइडचा, एक आयफोनचा. मग कागद हातात आला की दोन्ही कोड कॅमेऱ्याच्या चौकटीत एकदम घुसतात आणि फोन त्याला सापडेल तो उचलतो. अँड्रॉइडवाला जाऊन पोचतो ॲप स्टोअरच्या वेबपानावर, तिथं त्याला इन्स्टॉल करण्यासारखं काही दिसत नाही, आणि हँडबिल घडी होऊन खिशात जातं. ते परत बाहेर येत नाही.

म्हणून कोड एकच ठेवायचा आणि कुणाला कुठल्या स्टोअरवर पाठवायचं ते मागं ठरवायचं. खाली उदाहरणाला मेसच्या डब्याचं ॲप घेतलंय. चप्पल लाइनीतलं दुकान असो, जिम असो, नाहीतर घरपोच दूध, रीत बदलत नाही. प्रोग्रामिंग येत नसलं तरी वाचायला हरकत नाही. मधल्या एका टप्प्याला मात्र वेबसाइटचं काम येणारा एखादा भाचा-पुतण्या हाताशी लागेल.

कोडच्या पोटात काय असतं

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्यांचा माल गाड्यांच्या कंपन्यांना जातो, त्यांना पार्टच्या खोक्यावरचा चौकोनी कोड नवा नाही. क्यूआर कोड मुळात त्याच कामासाठी जन्माला आला: 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. त्याच्या पोटात नुसता मजकूर असतो. समोर कुठला फोन आहे हे त्याला कळत नाही, कळायची सोयच नाही. फोन तो मजकूर वाचतो, तो वेबपत्ता असेल तर उघडतो, आणि कोडचं काम तिथं संपतं.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छापलेला कोड कायमचा. पाच हजार हँडबिलं वाटून झाल्यावर आतला पत्ता बदलता येत नाही. त्यामुळं कोडमध्ये घालायचा पत्ता तुमच्या मालकीचा हवा; प्ले स्टोअरचा नको, ॲप स्टोअरचा नको, आणि फुकट कोड बनवून देणाऱ्या कुठल्या साइटचा तर मुळीच नको. तुमच्या पत्त्यावरून पुढं माणसाला कुठं पाठवायचं, हे तुम्ही रोज बदललंत तरी कागदाला फरक पडत नाही.

आधी दोन्ही लिंका साफ करून घ्या

प्ले स्टोअरवर आपलं ॲप उघडून शेअर केलं की लिंक मिळते. तिच्यात 'आयडी' या शब्दापुढं ॲपचं पॅकेज नाव असतं, तेवढंच कामाचं. त्याच्यामागं भाषेची, देशाची शेपटं लागलेली असली तर उडवा. नाहीतर मराठीत फोन वापरणाऱ्याला इंग्रजी पान दिसेल. ॲप स्टोअरच्या लिंकेत देशाचं नाव, ॲपचं नाव आणि शेवटी आयडीचा आकडा असतो. खरा पत्ता म्हणजे तो आकडा. देशाचा तुकडा काढून टाकला तरी लिंक चालते आणि ज्याच्या-त्याच्या देशाचं स्टोअर उघडतं. ॲपलचं खातं परदेशात उघडलेले, गणपतीला गावी आलेले पाहुणे आपल्याकडं कमी नाहीत.

आता खर्चाचं. गूगल डेव्हलपर खात्याचे 25 डॉलर एकदाच घेतं, ॲपल 99 डॉलर दरवर्षी घेतं. त्यामुळं लहान धंद्याचं ॲप बहुतेक वेळा फक्त अँड्रॉइडवर असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण मग आयफोनवाल्याला "लवकरच येत आहोत" असं पान दाखवू नका. त्याला सरळ व्हॉट्सॲपवर ऑर्डरचा मेसेज टाइप होऊन येईल अशा लिंकेवर न्या. डबा हवा म्हणून आलेला माणूस डबा मागवूनच गेला पाहिजे. (आणि रोजचे 40-50 डबे असतील तर ॲपच कशाला, व्हॉट्सॲप पुरतं, असं माझं मत आहे. पण ॲप करून झालंय, तर ते चालवूया.)

स्वतःचा पत्ता घ्या, आखूड घ्या

डोमेन नावाला, म्हणजे वेबवरच्या स्वतःच्या पत्त्याला, वर्षाला साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो. मेसची आधीच वेबसाइट असेल तर नवं काही घ्यायची गरज नाही. तिच्याच पत्त्यापुढं स्लॅश देऊन एखादं अक्षर जोडा.

पत्ता आखूड हवा तो कोडच्या चौकटींसाठी. मजकूर जितका लांब, तितके कोडमधले चौकोन जास्त, आणि तितके ते बारीक. प्ले स्टोअरची अख्खी लिंक सहज सत्तरच्या वर अक्षरांची होते आणि मध्यम दुरुस्तीक्षमतेला (थोडा खराब झाला तरी कोड वाचता यावा याची सोय, ती पुढं येते) तिचा कोड 37 बाय 37 चौकोनांचा बनतो. तुमचा पत्ता सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'सकट 26 अक्षरांत बसला तर 25 बाय 25 मध्ये भागतं. म्हणजे 1369 चौकोनांच्या जागी 625. तेवढ्याच कागदावर प्रत्येक चौकोन दीडपट रुंद, आणि जुना, काचेवर ओरखडे पडलेला फोनही तो पटकन वाचतो.

इथं मराठी माणसाला एक मोह होतो: पत्त्यात देवनागरी 'डबा' लिहावं. दिसायला छान, कोडमध्ये महाग. वेबपत्त्यातल्या स्लॅशच्या पुढं आलेलं देवनागरीचं एकेक चिन्ह पाठवताना नऊ-नऊ रोमन चिन्हांत मोडलं जातं. ड, ब आणि काना मिळून 27 चिन्हं. एवढ्यात अख्खा पत्ता बसला असता. पत्ता रोमन लहान अक्षरांतच ठेवा, मराठी काय ते कोडच्या खाली मोठ्या टायपात छापा.

फुकट कोड देणाऱ्या साइटांबद्दल बोलायला हवं, कारण नवखा माणूस तिथंच अडकतो. त्यांतल्या बऱ्याच साइटा 'डायनॅमिक' नावाचा कोड देतात. त्यात तुमचा पत्ता नसतो, त्यांचा असतो. तो त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्याकडं वळतो. चाचणीची मुदत संपली की वळायचं बंद होतं आणि पैशांची मागणी येते, तोवर तुमचे फ्लेक्स चौकाचौकांत लागलेले. ओळखायची युक्ती सोपी आहे. कोड डाउनलोड केल्यावर छापण्याआधी फोननं स्कॅन करा, आणि उघडण्याआधी कॅमेरा जो पत्ता दाखवतो तो वाचा. तुमचा नसेल तर तो कोड टाकून द्या. लहान कंपन्याच असं करतात असंही नाही, मोठ्यांच्या सेवाही बंद पडतात: गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही नेमकं हेच काम करणारी सेवा होती, ती 25 ऑगस्ट 2025 ला बंद झाली. ज्यांनी तिचे पत्ते छापले होते, त्यांचे कोड तेव्हापासून नुसती नक्षी आहेत.

वळवणारं पान

आता भाच्याचं काम. फोनचा ब्राउझर कुठलंही पान मागताना आपली ओळख सांगतो, तिला 'युजर एजंट' म्हणतात. त्या ओळखीत अँड्रॉइड फोन असेल तर 'अँड्रॉइड' हा शब्द असतो, आयफोन असेल तर 'आयफोन'. आपल्या पत्त्यावर हे शब्द तपासायचे आणि त्याप्रमाणं पुढं पाठवायचं. एवढंच आहे ते.

दोन जागी हे करता येतं. एक, सर्व्हरवरच, पान उघडण्याच्या आत. हे झटपट होतं, रेंज कमी असलेल्या ठिकाणी चांगलं. पण वळवताना 302 हा 'तात्पुरतं हललं' सांगणारा क्रमांक द्या, 301 नको. 301 म्हणजे 'कायमचं हललं'. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि उद्या तुम्ही रस्ता बदललात तरी जुन्याच जागी जात राहतो. सोबत पान साठवून ठेवू नये अशी सूचनाही पाठवा, नाहीतर मधला एखादा कॅशे (पानांच्या प्रती साठवून ठेवणारी जागा) अँड्रॉइडवाल्यासाठीचं उत्तर आयफोनवाल्याला वाढेल.

दुसरी जागा म्हणजे साधं वेबपान आणि त्यात जावास्क्रिप्टच्या चार-पाच ओळी. ज्यांच्याकडं फक्त साधं होस्टिंग, म्हणजे वेबपानं ठेवायची भाड्याची जागा, आहे त्यांनी हेच करावं. माझा कल याच्याकडं आहे, कारण पान असलं की त्यावर बटणं ठेवता येतात. वर मेसचं नाव, एक फोटो, खाली दोन मोठी बटणं, 'अँड्रॉइडसाठी' आणि 'आयफोनसाठी', आणि त्याखाली व्हॉट्सॲपची लिंक. आपोआप वळलं तर उत्तम. नाही वळलं, तर माणूस बटण दाबतो. इन्स्टाग्रामच्या बायोतून आलेला माणूस इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये असतो, तिथं आपोआप स्टोअरवर जाणं कधीकधी अडतं. बोटानं दाबलं की जातं. म्हणून "पान मधे नकोच, थेट जाऊ दे" असं कुणी म्हटलं तरी बटणं काढू नका.

ओळख न पटणारे तीन पाहुणे येतात. पहिला आयपॅड: 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून तो स्वतःला मॅक म्हणवतो. पकडायचा असेल तर 'मॅक' म्हणतोय पण स्क्रीनवर एकाहून जास्त बोटांचा स्पर्श ओळखतो का, हे जावास्क्रिप्टनं तपासा. खरा मॅक तसा ओळखत नाही. दुसरा लॅपटॉप. तिसरा व्हॉट्सॲप, जो लिंक पाठवताना पानाची छोटी झलक काढायला येतो. लॅपटॉप आणि व्हॉट्सॲप यांना वळवू नका, पान दाखवा. मग लिंक ग्रुपवर टाकली की मेसचं नाव आणि फोटो दिसतो.

पुढच्या लिंका साध्या वेबच्याच ठेवा. अँड्रॉइडचा 'मार्केट'नं सुरू होणारा खास पत्ताही चालतो, पण तो चुकून लॅपटॉपवर उघडला तर काहीच होत नाही. साधी लिंक फोनवर प्ले स्टोअरचं ॲप उघडते आणि लॅपटॉपवर वेबपान.

ज्याच्या फोनमध्ये ॲप आधीच आहे त्यानं स्कॅन केल्यावर थेट ॲप उघडावं असं वाटत असेल, तर अँड्रॉइडवर ॲप लिंक्स आणि आयफोनवर युनिव्हर्सल लिंक्स लावाव्या लागतात. त्यासाठी एकेक छोटी फाइल तुमच्या डोमेनवर ठेवायची आणि ॲपमध्येही तशी नोंद करायची. स्वतःचं डोमेन असल्याचा हा आणखी एक फायदा. पण पहिल्या दिवशी याची गरज नाही, ॲप बनवणाऱ्याला पुढच्या आवृत्तीत करायला सांगा.

कोड काढणं

खरं सांगायचं तर हा सगळ्यात छोटा भाग. 'स्टॅटिक' कोड देणारं कुठलंही साधन चालतं. पत्ता टाका, दुरुस्तीची पातळी निवडा, फाइल घ्या.

दुरुस्तीची पातळी म्हणजे कोडचा किती भाग खराब झाला तरी तो वाचता येईल याचं माप. चार पातळ्या आहेत: एल म्हणजे सुमारे 7 टक्के, एम 15, क्यू 25, एच 30. पातळी वाढवली की चौकोन वाढतात. कागदाच्या हँडबिलाला एम पुरते. जिथं चिखल, तेल, ओरखडे लागणार तिथं क्यू. मधे लोगो घालायचाच असेल तर एच घ्या आणि लोगो लहान ठेवा. लोगो म्हणजे कोडच्या दृष्टीनं डागच, आणि 30 टक्क्यांतला मोठा वाटा तुम्ही आधीच खर्च केलात की पावसाळ्यासाठी काही उरत नाही. मी तर लोगो कोडच्या वर छापायला सांगतो.

फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ घ्या. छपाईवाला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कितीही मोठी करू शकतो, कडा फाटत नाहीत. आणि ती त्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली जेपीजी व्हॉट्सॲप दाबून बारीक करतं, तीच फ्लेक्सवर दहापट ताणली जाते, आणि मग चौकोनांच्या कडांना केस फुटल्यासारखे दिसतात.

छपाईच्या टेबलावर

कोडभोवती चार चौकोनांएवढी पांढरी मोकळी पट्टी लागते. तिच्यावाचून कोड कुठं सुरू होतो हे फोनला कळत नाही. डिझाइन करणाऱ्याला ही जागा वाया गेल्यासारखी वाटते, तो तिथं हमखास नक्षीची किनार ओढतो किंवा कोड थेट लाल पट्ट्यावर चिकटवतो. प्रूफ बघताना पहिल्यांदा हीच पट्टी बघा.

रंग गडद, पार्श्वभूमी फिकी. फोन बघतो तो गडद-फिक्यातला फरक, रंग नव्हे. पांढऱ्यावर भगवा आपल्या डोळ्याला ठळक दिसतो, कॅमेऱ्याला फिका. काळ्यावर पांढरा, म्हणजे उलटा कोड, काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत. त्या भानगडीत पडू नका. ऑफसेटवर छापणार असाल तर कोड नुसत्या काळ्या शाईत घ्यायला सांगा. चार रंग मिसळून केलेला काळा असला आणि एखादी प्लेट जरा सरकली, की बारीक चौकोनांच्या कडा धूसर होतात.

आकाराचा ढोबळ हिशेब असा: माणूस जितक्या अंतरावरून स्कॅन करणार, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड. हातातल्या हँडबिलाला 3 सेंटिमीटर. काउंटरमागच्या भिंतीवर, दोन मीटरवरून बघायचा असेल तर 20 सेंटिमीटर. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कमानीवर टांगलेल्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात तळहाताएवढा कोड कुणालाच स्कॅन होत नाही, तो फक्त डिझाइनची जागा भरतो. चालत्या टेंपोच्या मागंही कोड छापू नका, तिथं फोन नंबर मोठा छापा.

डब्याच्या झाकणावर स्टिकर लावायची कल्पना सगळ्यांना सुचते. स्टीलचं झाकण चमकतं, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका कोडवर पडतो, झाकणाला बाक असतो, आणि डबा रोज घासला जातो. घासणीपुढं स्टिकर फार दिवस तग धरत नाही. त्यापेक्षा डब्याच्या पिशवीला टॅग लावा. सपाट असतो, कोरडा राहतो, खाऊन झाल्यावर हात धुतलेला असताना माणसाच्या समोर येतो. लॅमिनेशन करणार असाल तर मॅट करा, ग्लॉसी नको. फ्लेक्सवर कोड घडीच्या रेषेवर आणि रिंगांच्या कडेला येऊ देऊ नका; वाऱ्यानं तिथंच सुरकुत्या पडतात. उंची छाती ते डोळ्यांच्या मधली.

कोडच्या खाली काय लिहायचं हे आपल्याकडं फार महत्त्वाचं आहे. चौकोनी कोड दिसला की लोकांचा हात पहिल्यांदा पैसे पाठवायच्या ॲपकडं जातो. त्यातून स्कॅन केलं की हा पेमेंटचा कोड नाही अशा अर्थाचं काहीतरी येतं आणि माणूस म्हणतो, कोड खराब आहे. त्यात क्यूआरच्या फसवणुकीच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. म्हणून स्पष्ट छापा: "फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा. डब्याचं ॲप उघडेल. इथं पैसे भरायचे नाहीत." आणि त्याखाली पत्ता अक्षरात, हातानं टाइप करता येईल असा. ज्याला संशय आहे तो कॅमेऱ्यात दिसणारा पत्ता आणि छापलेला पत्ता जुळवून बघतो.

छापण्याआधी तपासा, छापल्यावरही

लॅपटॉपच्या स्क्रीनवरून स्कॅन झालं म्हणजे झालं असं नाही. प्रूफ कागदावर, खऱ्या आकारात काढा. एक आयफोन, एक नवा अँड्रॉइड आणि घरातल्या आजोबांचा जुना अँड्रॉइड घ्या. आयफोनचा कॅमेरा आयओएस 11 पासून, म्हणजे 2017 पासून, कोड स्वतः वाचतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये काही कॅमेरे वाचत नाहीत, तिथं गूगल लेन्स लागतं. वायफाय बंद करून बघा. संध्याकाळच्या उजेडात बघा. आयफोनवाल्याला ॲप स्टोअरवर ॲपचंच पान दिसतंय ना, का नुसतं स्टोअर उघडतंय, हे डोळ्यांनी बघा. आयडीतला एक आकडा चुकला तरी कोड स्कॅन होतोच.

कुठून आले ते मोजायचं असेल तर

हँडबिलाला एक पत्ता, पिशवीच्या टॅगला दुसरा, फ्लेक्सला तिसरा. फरक शेवटच्या एका अक्षराचा ठेवला तरी पुरतो. तिन्ही त्याच पानावर येतात, पण कुठून किती आले ते सर्व्हरच्या नोंदीत वेगळं दिसतं. प्ले स्टोअरच्या लिंकेला 'रेफरर' नावाची शेपटी जोडता येते, ॲप स्टोअरच्या लिंकेला मोहिमेचं नाव. मग स्कॅन करणाऱ्यांपैकी किती जणांनी खरंच ॲप घेतलं याचाही अंदाज येतो. पहिल्या महिन्यात एवढं पुरे: कोणत्या जागेवरचा कोड कुणी हातच लावत नाही ते शोधा आणि तिथला पैसा दुसरीकडं वळवा.

नंतरची देखभाल

चौकातल्या फ्लेक्सवर आणि दुकानाच्या काचेवर अधूनमधून जाऊन कोड स्वतः स्कॅन करा. आपल्या कोडवर कुणी दुसराच स्टिकर चिकटवलाय का ते नखानं कड उचलून बघा.

डोमेनला ऑटो-रिन्यू लावा. आणि डोमेन, होस्टिंग, दोन्ही स्टोअरची खाती मेसच्या मालकाच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर असू द्या, ज्यानं ॲप करून दिलं त्या पोराच्या नको. पोरगं हुशार असतं, वर्षभरात पुण्याला नोकरी लागते, आणि रिन्यूच्या दिवशी ओटीपी हिंजवडीत वाजतो.